रावताचं पान

खंडेनवमीच्या भर दुपारी अप्पाजी घोड्यावरून पडले, आणि जगदाळ्यांच्या घरावर वर्षभर चाललेलं त्यांचं राज्य चामराजपुरमच्या त्या गल्लीत, कोहळ्याच्या फोडींमध्ये, सगळ्यांच्या देखत संपलं.

असं काहीही घडलेलं नाही. जगदाळ्यांच्या घरी जाऊन आज कुणालाही विचारा. अप्पाजी पडले नाहीत, राज्य असं काही नव्हतंच, त्यामुळं ते संपण्याचाही प्रश्न येत नाही. भुजंगराव हे तुम्हाला स्वतः सांगतील आणि वर कॉफी पाजतील. तेव्हा तो विषय सोडू. आपण सकाळपासून सुरुवात करू. सकाळी कुणीच पडलं नव्हतं आणि भवानीबाई भोपळा चिरत होत्या.

भोपळा चिरण्यातच त्या वर्षाचा सगळा इतिहास आला. म्हैसूरच्या रिसाल्यात घोडी फेकलेल्या घराण्यात खंडेनवमीला भोपळा! आजवर या दिवशी या घरातल्या मटणाचा वास पार रेल्वे स्टेशनापर्यंत जायचा. पण श्रावणात कधीतरी थोरल्या भुजंगरावांनी मटण सोडलं, मग त्यांच्या मुलानं, संताजीनं सोडलं, मग घरानंच सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर प्रत्येकजण म्हणायचा, "कुणी सांगितलं नाही, आपसूक मनातनं आलं." भवानीबाईंना त्या वाक्याचं मोठं नवल वाटे. माणसं वेगवेगळी, मनं वेगवेगळी, आणि मनातनं येणारं वाक्य मात्र एकाच ताग्यातलं कापड.

"भवानी, विडा तयार ठेवलास का?" भागीरथीबाई स्वयंपाकघरात आल्या. या थोरल्या जाऊबाई, भुजंगरावांच्या पत्नी. भवानीबाई त्यांना अक्का म्हणत.

"पानं धुतलीत, अक्का."

"पानं धुतलीत अंदरे, म्हणजे काय? विडा ठेवणार की नाही, ते सांग ग."

"भोपळा चिरून होऊ दे."

"भोपळ्याचा काय संबंध?"

"तेच मी सकाळपासून विचारतेय. खंडेनवमीशी भोपळ्याचा काय संबंध?"

अक्का खाली बसल्या. विड्याचा प्रकार साधा होता. नवमीच्या जेवणानंतर घरातल्या प्रत्येकानं देव्हाऱ्यापुढच्या तलवारीजवळ एकेक विडा ठेवायचा, आणि वर्षाचा जो मोठा निर्णय असेल तो त्यावर ठरायचा. लग्न असो, विहीर असो, काही असो. एकानं जरी विडा ठेवला नाही तरी गोष्ट पुढच्या नवमीपर्यंत तहकूब. एका रुसलेल्या आत्याच्या विड्यापायी या घराच्या मागं विहीर नाही, नळ आहे.

यंदाचा निर्णय होता भवानीबाईंच्या मुलीचा. विशालाक्षीचा. तिला बंगळूरला टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी लागली होती, दसऱ्यानंतर ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं. आणि अप्पाजींच्या विजयनगरच्या मठात सेविका म्हणून तिनं कायमचं जावं, असं घराच्या मनातनं आलं होतं.

"तुमची पोरगी असती तर पाठवली असती, अक्का?"

"कालच पाठवली असती."

"नाही म्हणून बोलता."

"होय, नाही म्हणूनच बोलते!" अक्कांचा आवाज एकदम उतरला. "गणपतीपासून अप्पाजींनी माझ्याकडं बघितलं नाही, ठाऊक आहे तुला? तुझ्याकडं बघतात. गल्लीतल्या कुत्र्याकडं बघतात. माझ्याकडं नाही. काय चुकलं म्हणून विचारलं, तर खोकले. हे म्हणतात, खोकल्याचा अर्थ 'शोध'. मी शोधशोध शोधलं ग. हुळीत मीठ जास्त पडलं होतं का, पदर नीट नव्हता का... मग गेल्या गुरुवारी आत गेले आणि विशीचं नाव घेतलं. म्हटलं, आमची विशी सेवेला येईल. नोड, बघ भवानी, तेव्हा बघितलं त्यांनी. सरळ डोळ्यांत बघितलं."

म्हणजे घराच्या मनातनं आलं ते असं आलं होतं. भवानीबाईंचा विळीवरचा हात थांबला. पहिल्या महिन्यात याच अक्का पदराआड म्हणाल्या होत्या, 'आयतोबा आहे, सुम्ने, उगाच जेवायला येतो.' तेव्हा दोघी जावा किती हसल्या होत्या. आता एका नजरेसाठी त्यांनी पुतणी वाढून दिली होती, हुळीच्या आमटीसारखी.

"अक्का, तुम्ही आधी मला विचारायचंत."

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," अक्का म्हणाल्या, आणि त्यात त्यांना काहीच वावगं दिसलं नाही.

अप्पाजी आले कसे, हेही सांगायला हवं. त्यासाठी खंडोजीराव सांगायला हवेत. खंडोजीराव जगदाळे, राऊत, म्हणजे घोडेस्वार, या घराचे मूळ पुरुष. एका खंडेनवमीला पानं मांडली होती आणि रिसाल्याचं बोलावणं आलं. खंडोजीराव घोड्यावर चढले, म्हणाले, "पान मांडून ठेवा, आलोच," आणि गेले. ते अजून यायचे आहेत. कुणी म्हणतं लढाईत पडले, कुणी म्हणतं शिमोग्याकडं दुसरं घर केलं. घरानं या दोन्ही अफवांकडं दुर्लक्ष केलं आणि दर नवमीला दाराकडं तोंड करून एक पान मांडलं. दार उघडं ठेवायचं, रावताची वाट पाहायची, तो येत नाही अशी खात्री झाली की जेवायचं, आणि मग ते पान घोड्याला द्यायचं. पिढ्या गेल्या, रिसाला गेला, घोडे गेले. तेव्हापासून हुसेनसाब जटकावाल्याचा टांग्याचा घोडा नवमीला पूजेला येतो आणि पान तो खातो.

गेल्या नवमीला दार उघडं होतं, पानं वाढलेली होती, आणि दारात एक गोल चेहऱ्याचा गृहस्थ उभा राहिला. चेहरा असा, की पाहिल्यावर वाटावं, याला कुठंतरी बघितलंय, बहुतेक पोस्टात. भाड्यानं खोली मिळेल का विचारायला आला असावा. पण दारात येऊन कामाचं बोलायचं नाही, ही म्हैसूरची रीत. त्यानं रीतीप्रमाणं हसून विचारलं, "ऊटा आयिता?" जेवण झालं का? हा प्रश्न या गावात माणसं दिवसातून पन्नास वेळा विचारतात, वैऱ्यालाही विचारतात. पण भुजंगराव ताडकन उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "आपलंच राहिलंय."

गृहस्थ पानावर बसला. दोनदा मटण मागून घेतलं. मी खंडोजीराव आहे, असं तो तेव्हाही म्हणाला नाही आणि नंतरही कधी म्हणाला नाही. हीच त्याची हुशारी. तो काहीच म्हणत नसे. तो खोके. अर्थ लावायला भुजंगराव होते, आणि भुजंगरावांसारखे हळूहळू पुष्कळ झाले. विजयनगरात नव्या वसाहतीत कुणीतरी माडीवरची जागा दिली, तिला मठ म्हणू लागले. माणसं काही द्यायला गेली की अप्पाजी घेत नसत, मान फिरवत. मग माणसं जास्त प्रिय वस्तू घेऊन धावत. कुणी पेपर सोडला, कुणी सख्ख्या बहिणीशी बोलणं सोडलं. गुरुवारी एकेकट्यानं आत जायचं आणि आपले दोष सांगून मन मोकळं करायचं, असा प्रघात पडला. स्वतःचे दोष महिन्याभरात संपतात. मग लोक दुसऱ्यांचे सांगू लागले. संताजीनं हॉटेलात आम्लेट खाल्लं, हे त्याच्या आईनं सांगितलं. पुढच्या गुरुवारी अप्पाजी संताजीला नुसतं म्हणाले, "अंडं," आणि संताजी थरथर कापत बाहेर आला. अंतर्ज्ञान! त्याच्या मागच्या गुरुवारी त्यानंही आईचं काहीतरी सांगितलं होतं. आता माय-लेकरं एकमेकांशी बोलत ती फक्त मीठ मागण्यापुरती.

भवानीबाई हातातलं टाकून मागच्या अंगणात गेल्या. त्यांचे यजमान दामोदरराव पूजेसाठी स्कूटर पुसत होते. दामोदररावांनी स्कूटरचा मोह सोडला होता. स्कूटर सोडली नव्हती. ती घरी ठेवली तर मन तिच्यात अडकतं म्हणून ते रोज तिला ढकलत कचेरीला नेत आणि संध्याकाळी ढकलत परत आणत. नगरपालिकेच्या पाणी खात्यातले लोक आधी हसले, मग घामाघूम झालेल्या माणसाकडं पाहून गप्प झाले, आणि त्यांतले दोघं आता मठात येत असत.

"अहो, तुम्ही विडा ठेवणार?"

"सगळे ठेवणार ना."

"सगळे म्हणजे कोण? तुमच्यासारखे एकेकटेच ना?"

दामोदररावांनी फडकं पिळलं. अडचणीत आले की ते कचेरीची भाषा बोलत. "सदर विषय वरिष्ठांच्या विचाराधीन आहे."

"पोरगी तुमची आहे."

"तसं पाहता होय." मग इकडं तिकडं बघून, हळूच, "नोडू, खरं सांगू? तिला बंगळूरची ऑर्डर आली तेव्हा मी कचेरीत पेढे वाटले होते."

"मग तुमच्या थोरल्या दादांपुढं तेच बोला."

"तोंडी?"

"नाही, सही-शिक्क्यानिशी! अहो, बाप आहात की टपाल?"

दामोदरराव म्हणाले, "तू विडा ठेवू नकोस. तुझं नाही चालून जाईल. माझं नाही म्हटलं तर... गुरुवारी आत जायचं असतं ना." आणि ते पुन्हा स्कूटर पुसू लागले.

विशी पुढच्या पायरीवर घोड्यासाठी मोगऱ्याची माळ करत होती. या पोरीचं हसणं साऱ्या गल्लीत प्रसिद्ध होतं. ती घोड्यासारखी फुरफुरून हसायची, आणि एकदा सुरू झाली की भिंतीला टेकल्याशिवाय थांबायची नाही. अप्पाजींपुढं ती पहिल्यांदा गेली तेव्हाही हसली होती. ते तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले होते. बस्स. मृगापासून विशी हसली नव्हती.

"विशी, तुला जायचंय मठात?"

"होय अम्मा."

"आणि ऑपरेटर? 'हॅलो, नंबर प्लीज' म्हणून आरशापुढं किती दिवस घोकत होतीस?"

"तो अहंकार होता."

"हॅलोत कसला अहंकार ग?"

विशीच्या ओठाचा कोपरा हलला. तिनं तो दातानं धरला. "अप्पाजी म्हणाले, माझे डोळे मठातल्या माणसांसारखे आहेत. म्हणजे दोड्डप्पा म्हणाले की ते तसं म्हणाले." दोड्डप्पा म्हणजे थोरले काका, भुजंगराव. "अम्मा, माझ्याकडं आजवर कुणी असं बघितलं नव्हतं. मला कुणी सांगितलं नाही. माझ्या मनातनंच आलं."

भवानीबाईंनी मनात हिशोब केला. विडा अडवला तर एक वर्ष मिळेल. पण बंगळूर वर्षभर थांबणार नाही, आणि या पोरीचं हे वाक्य तोवर हाडात मुरेल. विडा अडवून भागणार नव्हतं. काहीतरी दुसरं करायला हवं होतं, आणि काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी घुंगरं वाजली.

हुसेनसाबचा घोडा आला होता. शिंगं नसली तरी कानांना शेवंती, कपाळाला हळद. गेल्या वर्षी रावताचं पान माणसानं खाल्लं, तेव्हा घोडा उपाशी परत गेला होता. यंदा तो दारात उभा राहिला आणि आत मांडलेल्या पानाकडं अशा नजरेनं बघू लागला, की जणू त्याच्याकडं खरेदीखत होतं.

भवानीबाईंनी घोड्याकडं पाहिलं, पानाकडं पाहिलं. मग त्या शांतपणे आत गेल्या आणि भोपळ्याला फोडणी दिली.

अप्पाजी माध्यान्हीला आले. पान दाराकडं तोंड करून मांडलेलंच होतं. ते बसले. सगळे बसले. तलवारीपुढं घरातली हत्यारं ओळीनं मांडली होती: संताजीचे पाने, अक्कांची विळी, दामोदररावांचा रबरी शिक्का. भुजंगरावांनी आपलं हत्यार म्हणून यंदा अप्पाजींच्या पादुका ठेवल्या होत्या.

जेवणं झाली. अप्पाजींनी भोपळा मागून घेतला नाही. भुजंगराव घसा खाकरून म्हणाले, "अप्पाजी, आज घरात एक शुभ गोष्ट ठरायची आहे. आमची विशालाक्षी..."

"भावजी," भवानीबाई म्हणाल्या. "थोडं बोलू?"

धाकटी सून पंक्तीत बोलत नसे. दामोदरराव एकदम पाणी प्यायला लागले.

"माझ्या मनातनं काहीतरी आलं," भवानीबाई खाली मान घालून म्हणाल्या. "कुणी सांगितलं नाही. आपसूक आलं."

त्या शब्दांपुढं भुजंगरावांचा इलाज नव्हता. "बोल ना, बोल."

"घोडा दारात उभा आहे. कधीपासून दाराकडंच बघतोय. मी म्हटलं, हा कुणाला बघत असेल?" त्या थांबल्या. "बस्स. एवढंच."

एवढंच. पुढं एक अक्षर नाही. वर्षभर ज्या घरानं खोकल्याचे अर्थ लावले, त्या घराला आता अर्थ लावायला कुणी शिकवायची गरज नव्हती. भुजंगरावांचे डोळे हळूहळू विस्फारले.

"देवा रे! घोड्यानं ओळखलं!"

"रावताला!" संताजी म्हणाला.

"आपण एक वर्ष त्यांना खाली बसवलं," अक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या. त्यांना बोलायची संधी दिसली होती. "राऊत घरी आला आणि आपण त्याला घोडा दाखवला नाही! म्हणून बघत नव्हते का हो माझ्याकडं, अप्पाजी?"

अप्पाजी खोकले.

"होय म्हणतात!" भुजंगराव गरजले.

अप्पाजींनी हात वर करून जोरजोरानं हलवला.

"आत्ताच म्हणतात!"

आता इथं त्या गृहस्थाची खरी पंचाईत झाली. साधं 'बेडा' म्हणायचं होतं. 'नको.' म्हैसुरात पोरंटोरं म्हणतात. पण ज्यानं वर्षभर कुणाला होय-नाही सांगितलं नाही, तो एकदा 'नको' म्हणाला की तो माणूस होतो, आणि माणसाला माडी कोण देतं? ते तिसऱ्यांदा खोकले. तो खोकला खरा होता, भोपळ्याचा. तोवर संताजी आणि दामोदररावांनी त्यांना दोन्ही काखांत धरून उचललं होतं.

"साब, हा घोडा गाडीचा आहे," हुसेनसाब म्हणत होता. "पाठीवर कुणी बसत नाही याच्या. खोगीर कुठंय?"

"रावताला खोगीर लागत नाही!" भुजंगराव म्हणाले.

गल्ली गोळा झाली. अप्पाजी घोड्यावर चढवले गेले. त्यांनी दोन्ही हातांनी घोड्याची मान आवळली आणि डोळे मिटले. लोकांना वाटलं, ध्यान लागलं. घोडा हलला नाही. बिचाऱ्यानं काहीच केलं नाही, हे हुसेनसाब आजही शपथेवर सांगतो. रीतीप्रमाणं संताजीनं दृष्ट उतरून कुंकू भरलेला कोहळा घोड्यापुढं रस्त्यावर आपटला. कोहळा फुटला. फोडी उडाल्या. एक चांगली जाडजूड फोड घोड्याच्या पुढ्यात येऊन पडली.

घोडा गेल्या नवमीपासून भुकेला होता. त्यानं मान खाली घातली.

मान खाली गेली, तिच्यावरून अप्पाजीही खाली गेले. अगदी सावकाश. पोरं घसरगुंडीवरून येतात तसे, डोकं पुढं करून, मोगऱ्याची माळ सोबत घेऊन, कोहळ्यात. घोड्यानं नाकानं त्यांना थोडं बाजूला सारलं, कारण फोड त्यांच्याखाली होती.

अप्पाजी उठून बसले. दाढीला कुंकवाचा गर. आणि वर्षात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून अख्खं वाक्य बाहेर पडलं.

"कत्ते मुंडेवा! गाढवांनो! हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

सगळे एकसुरात म्हणाले, "कुणी सांगितलं नाही, आपसूक मनातनं आलं."

तेवढ्यात एक आवाज आला. फुर्र. आधी वाटलं, घोडा. मग पुन्हा आला, फुर्रफुर्र, आणि विशी भिंतीला टेकली. मृगापासूनचं सगळं हसू एकदम आलं. ती हसली, वाकली, पायरीवर बसली, पदरानं तोंड दाबलं तर पदरातून हसली. "अम्मा... अम्मा, ते... नाकानं बाजूला..." म्हणून पुन्हा. भवानीबाईंनी तिला दोन्ही हातांनी धरलं आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते गल्लीला दिसलं नाही.

तो एक क्षण खरा होता. अक्का अप्पाजींकडं बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पहिल्या महिन्यातली अक्का येऊन उभी राहिली होती. संताजीच्या तोंडातून "च्च, पोस्टातला माणूस" असे शब्द निघालेले हुसेनसाबनं ऐकले. सगळं संपलंच होतं. फक्त कुणीतरी तसं म्हणायचं बाकी होतं. भवानीबाईंनी दामोदररावांकडं पाहिलं. दामोदररावांनी तोंड उघडलं.

पण भुजंगराव आधी बोलले. एक वर्ष पेपर वाचला नव्हता, श्रावणापासून मटण खाल्लं नव्हतं. ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर वर आलं, आणि ते फुकट गेलं असं मानणं त्यांना जमेना.

"पडले नाहीत," ते म्हणाले.

"अं?"

"कोण म्हणालं पडले? उतरले! राऊत घोड्यावरनं उतरला! गेला तेव्हा चढून गेला होता, आज उतरला. याचा अर्थ कळतो का तुम्हाला? आता तो परत जायचा नाही. इथंच राहायचा!"

गल्लीनं एक श्वास घेतला. आणि सगळ्यांचे चेहरे हळूहळू सैल झाले, सुटका झाल्यासारखे. "होय की," संताजी म्हणाला. "मान खाली घालून घोड्यानं नमस्कार केला, मी बघितलं." अक्का पुढं झाल्या आणि पदरानं अप्पाजींची दाढी पुसू लागल्या. अप्पाजींचं कंबरडं धरलं होतं, त्यांना उठवेना. त्यांनी अक्कांकडं पाहिलं. दुसरीकडं बघायला मान वळत नव्हती. अक्कांचं सोनं झालं.

आत नेऊन त्यांना गादीवर निजवलं. विजयनगरची माडी चढणं आता शक्य नव्हतं. न्हाणीघराजवळची तळमजल्यावरची खोली एकच होती, भवानीबाईंची.

"आणि विशालाक्षीचं?" अक्कांनी विचारलं.

अप्पाजींनी विशीकडं नजर टाकली. ती दाराशी उभी होती, डोळे लाल, गाल ओले, आणि ओठांचा कोपरा अजून हलत होता. वर्षात पहिल्यांदा अप्पाजींनी ओशाळून नजर काढून घेतली. मग खोकले. तो खोकला भुजंगरावांना लगेच कळला.

"ही मुलगी योग्य नाही म्हणतात. तिला जिकडं जायचं तिकडं जाऊ दे. आता एकच विडा. पोरगी जाईल, अप्पाजी राहतील. दोन्ही गोष्टी एकत्र. भवानी?"

तलवारीपुढं सगळ्यांचे विडे पडले होते. दामोदररावांचाही पडला होता. भवानीबाईंचा तेवढा हातात होता. न ठेवला, तर अप्पाजी इथं राहणार नाहीत, आणि पोरगीही सुटणार नाही. ठेवला, तर आपल्याच खोलीत हा माणूस, कदाचित जन्मभर, आणि त्याच्यासाठी रोज भोपळा. त्यांनी विशीकडं पाहिलं. विशीच्या तोंडून तेवढ्यात आणखी एक बारीक फुर्र निसटलं.

भवानीबाईंनी विडा ठेवला.

विजयादशमीच्या सकाळी हुसेनसाबची जटका दारात आली. विशीची ट्रंक वर चढली. निरोपाला भवानीबाईंखेरीज दामोदरराव एकटेच बाहेर आले. त्यांनी स्कूटर सुरू केली, कितीतरी महिन्यांनी, जटकेच्या मागं स्टेशनपर्यंत जाण्यासाठी. ती पहिल्या लाथेला लागली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की भवानीबाईंना लग्नातले दामोदरराव आठवले. संध्याकाळी परत येताना ते तिला ढकलतच आणणार, हेही त्यांना ठाऊक होतं.

भुजंगराव ओसरीवरून म्हणाले, "जी हसली तिचं पान या घरात नवमीला मांडलं जाणार नाही. हे लक्षात असू द्या."

"आणि रावताचं?" भवानीबाईंनी विचारलं. "तो तर आला म्हणता. आत झोपलाय. मग ते पान बंद?"

"छे! ती रीत आहे."

विशी जटकेत बसली. घोड्यानं शेपटी उडवली. "अम्मा," ती ओरडली, "पान मांडून ठेव ग! पुढच्या नवमीला येते!" आणि घुंगरं वाजवत गाडी गल्लीबाहेर गेली.

भवानीबाई आत आल्या. खोलीतून खोकल्याचा आवाज आला आणि अक्का धावत गेल्या. भवानीबाई देव्हाऱ्यापुढं, तलवारीसमोर उभ्या राहिल्या. आजूबाजूला कुणी नव्हतं. बावीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून ऐकलेली भाषा त्यांना मुखोद्गत होती. त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हटलं:

"श्री. खंडोजीराव जगदाळे, राऊत, यांच्या सेवेशी सादर. विषय, पान बदलून मिळणेबाबत. सविनय निवेदन की, आपल्या नावे या घरात दर खंडेनवमीस एक पान राखून ठेवण्यात येत असून, आपण ते घेण्यासाठी अद्याप हजर झालेला नाही. सदर पानावर हल्ली एका बाहेरील इसमाचा ताबा आहे. तरी आपण जातीनं, घोड्यासह हजर होऊन ते पान खाली करून द्यावं, आणि 'पान मांडून ठेव, येते' असं सांगून आज सकाळी घराबाहेर पडलेल्या कुमारी विशालाक्षी दामोदरराव हिच्या नावे ते कायमचं करून मिळावं, ही नम्र विनंती."